मैदान मिळालं, माईक कुणाच्या हातात?

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण मुलींच्या खेळाबद्दल बोलतो आहोत. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचा खेळ का सुटतो, याची यादी फळ्यावर अजून तशीच आहे. पाळी सुरू झाली, अर्ध्या चड्डीची लाज वाटायला लागली, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, दिवेलागणीच्या आत घरी यायचं, मैदानावर मोठ्या मुलांचा कब्जा. यातलं एकही कारण कुणाला नवीन नाही, कारण ही यादी तुमच्याच वस्त्यांतून आली आहे.

मला या यादीच्या पुढचं बोलायचं आहे. समजा, एखादी मुलगी ही सगळी कुंपणं ओलांडून खेळली. वीस वर्षं खेळली, देशाकडून खेळली. मग पुढे काय? इतक्या वर्षांत तिला खेळातलं जे कळलं, ते चारचौघांत सांगायचा अधिकार तिला मिळतो का? खेळाबद्दल बोलणारा आवाज कुणाचा असतो?

यासाठी मी एका बाईची गोष्ट निवडली आहे. तिचं नाव ॲलेक्स स्कॉट. ती लंडनची. इंग्लंडच्या संघातून फुटबॉल खेळली आणि नंतर बीबीसीवर खेळाच्या कार्यक्रमांची सूत्रधार झाली. तुम्ही म्हणाल, आमच्या कबड्डीच्या मुलींना लंडनच्या फुटबॉलचं काय? फरक पुष्कळ आहेत, ते मी लपवणार नाही. पण तिच्या वाटेवरचा एकेक अडथळा पाहिलात, तर त्यातले बरेचसे ओळखीचे वाटतील.

आधी समालोचन म्हणजे काय ते पाहू. आपल्या आयांच्या पिढीने रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं. क्रिकेटसारखा इंग्रजी खेळ या आवाजाने मराठी घरात आणला. पण तो आवाज पुरुषाचा असणार हे इतकं गृहीत होतं, की त्यात काही गृहीत आहे हेही कुणाला जाणवत नव्हतं. १९७७ साली इंदूरला एमसीसी आणि मुंबई यांच्यात सामना झाला, तेव्हा कर्नल सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू माईकपुढे बसल्या. क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या भारतातल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या स्वतः क्रिकेट खेळलेल्या होत्या, इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. म्हणजे खेळ येत होता, भाषा येत होती आणि घराण्याचं नावही पाठीशी होतं. तरी ‘पहिली बाई’ यायला १९७७ उजाडलं.

माईकवर बसलेला माणूस दोन कामं करतो. काय घडलं ते सांगतो, आणि जे घडलं ते बरोबर की चूक हेही सांगतो. कोण चांगलं खेळलं, कुणाचं चुकलं, प्रशिक्षकाने काय करायला हवं होतं. पहिलं काम वर्णनाचं आहे, दुसरं निवाड्याचं. निवाडा करायला अधिकार लागतो आणि खरी अडचण तिथे आहे. ग्रामपंचायतीत आपण हे पाहिलेलं आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. बाई खुर्चीवर आली. आणि बोलायला कोण उभं राहिलं? सरपंचबाईंचे यजमान! खुर्ची कायद्याने मिळाली. पण बाईचं बोलणं गावाने ऐकून घ्यावं, यासाठी आपल्याला गावोगाव वर्षानुवर्षं खपावं लागलं, अजून लागतं आहे. खेळातही तसंच आहे. मैदान मिळणं ही एक लढाई, माईक मिळणं ही दुसरी.

आता इंग्लंडकडे वळू. बायकांच्या फुटबॉलची गोष्ट तिथे कारखान्यात सुरू होते. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या ‘डिक, कर’ या कारखान्यातल्या कामगार बायकांनी आपला फुटबॉल संघ काढला. तो इतका गाजला की १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं आली. या सामन्यांतून त्या जखमी सैनिकांसाठी निधी उभा करत. १९२१ मध्ये खाणकामगारांना कामावरून बाहेर ठेवलं गेलं, तेव्हा त्यांच्या कुटुंबांसाठीही बायकांनी सामने खेळून पैसे गोळा केले.

आणि त्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. जमवलेल्या पैशाच्या हिशेबाबद्दलही शंका काढल्या गेल्या. बाईने चार पैसे जमवले, चार माणसं जमवली, की आधी तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागते आणि मग तिच्या हिशेबाची! बचत गट चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना याचा अनुभव आहे.

ही बंदी उठायला १९७१ उजाडलं. पन्नास वर्षं! बायका या काळातही उद्यानांत, गावाबाहेरच्या माळांवर खेळत राहिल्या. पण मोठं मैदान नाही, प्रेक्षक नाहीत, पैसा नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. पन्नास वर्षांत पुरुषांच्या फुटबॉलभोवती मैदानं, पगार, दूरचित्रवाणी, तज्ज्ञ असा सगळा डोलारा उभा राहिला. ‘बायकांचा खेळ बघायला येतंय कोण?’ असा सवाल नंतर जे विचारत होते, त्यांना ५३,००० हा आकडा ऐकवायला हवा होता. माणसं येत होती, त्यांच्यासाठी दार बंद केलं गेलं.

ॲलेक्स स्कॉट १९८४ साली जन्मली, म्हणजे बंदी उठून तेरा वर्षं झाल्यावर. पूर्व लंडनमधला पॉप्लर हा कामगारवस्तीचा भाग, सरकारी चाळवजा इमारती. इमारतींच्या मध्ये जाळी लावून बंदिस्त केलेली खेळायची जागा. ती तिथे मुलांबरोबर चेंडू लाथाडायला शिकली. आठ वर्षांची असताना आर्सेनल क्लबच्या माणसांच्या नजरेत आली आणि मुलींच्या संघात गेली. घरापासून चार पावलांवर, आईच्या हाकेच्या अंतरावर, मुलींनाही घुसता येईल अशी एक जागा होती, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. आपण वस्तीत मुलींसाठी मैदान मागतो, तेव्हा नगरसेवक तीन किलोमीटरवरच्या क्रीडासंकुलाकडे बोट दाखवतात. त्यांना हे सांगा.

पुढे ती आर्सेनलच्या बायकांच्या मुख्य संघात उजव्या बाजूची बचावपटू झाली. १९८७ मध्ये हा संघ उभा करणारे व्हिक एकर्स पुरुषांच्या संघाच्या कपड्यालत्त्याचीही व्यवस्था बघायचे. बायकांना खेळण्याचे पैसे फारसे मिळत नव्हते, म्हणून खेळाडूंना क्लबातच काहीतरी काम लावून दिलं जाई. ॲलेक्सने क्लबच्या धोबीखान्यात काम केलं. देशाकडून खेळणारी मुलगी त्याच क्लबच्या पुरुष खेळाडूंचे मळके कपडे धूत होती, आणि त्या पुरुषांचा आठवड्याचा पगार तिच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढा होता. तिने हे नंतर सांगितलं ते रडगाणं म्हणून नाही. त्या कामाने चार पैसे मिळत होते आणि मैदानाजवळ राहता येत होतं, असंच ती म्हणते. पण आपण ऐकताना दोन्ही ऐकू. त्या मुलीची जिद्द आणि त्या व्यवस्थेची निर्लज्जता.

२००७ साली युरोपमधल्या क्लबांच्या अंतिम लढतीत आर्सेनलची गाठ स्वीडनच्या उमेओ संघाशी पडली. उमेओ तेव्हा फार बलाढ्य संघ होता. पहिल्या सामन्यात नव्वद मिनिटं गोल झाला नाही. भरपाईच्या वेळेत या बचावपटू मुलीने दुरून फटका मारला आणि गोल झाला. परतीचा सामना बरोबरीत सुटला आणि त्या एका गोलावर आर्सेनल जिंकलं. युरोपचं विजेतेपद मिळवणारा बायकांचा तो पहिला इंग्लिश संघ. पुढे २०२५ मध्ये पुन्हा आर्सेनलनेच ते जिंकलं, मधल्या अठरा वर्षांत दुसऱ्या कुठल्या इंग्लिश संघाला ते जमलं नाही. देशाकडून ॲलेक्स १४० सामने खेळली, तीन विश्वचषकांत खेळली, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही खेळली. २०१७ मध्ये ती आंतरराष्ट्रीय खेळातून आणि २०१८ मध्ये क्लबच्या खेळातून निवृत्त झाली.

खेळाडू बाईचं निवृत्त होणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. पुरुषाने कोट्यवधी कमावलेले असतात, त्याच्यापुढे प्रशिक्षकपद, दूरचित्रवाणी, जाहिरात असं ताट वाढलेलं असतं. बाईच्या हातात पदकं आणि दुखरे गुडघे. इंग्लंडमध्येही राष्ट्रीय संघातल्या बायकांना असोसिएशनने पहिल्यांदा करार दिले ते २००९ मध्ये, आणि रक्कम होती वर्षाला १६,००० पौंड. त्यात शिल्लक काय पडणार? ॲलेक्सने आधीच विचार केला होता. खेळत असतानाच तिने स्टॅफर्डशायर विद्यापीठातून क्रीडालेखन आणि प्रसारण या विषयाची पदवी घेतली. हे नीट लक्षात ठेवा. माजी पुरुष खेळाडूला दूरचित्रवाणीवर बसवताना त्याची पदवी कुणी विचारत नाही. तो खेळला, एवढं पुरतं. हिला खेळूनही शिकावं लागलं.

२०१८ मध्ये रशियात पुरुषांचा विश्वचषक झाला. बीबीसीने तज्ज्ञांच्या बाकावर ॲलेक्सला बसवलं. आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर एनी अलुको होती. ती इंग्लंडकडून शंभराहून अधिक सामने खेळलेली आणि कायद्याची पदवी घेतलेली. एका सामन्याच्या वेळी अलुकोने एका संघाच्या खेळाचं नेमकं विश्लेषण केलं. तर शेजारी बसलेल्या पॅट्रिस एव्हरा या फ्रान्सच्या माजी खेळाडूने टाळ्या वाजवल्या. आमच्यापेक्षा हिलाच जास्त माहिती आहे, असं काहीसं म्हणाला. त्याला बहुधा कौतुकच करायचं असेल. पण त्याच्या शेजारच्या पुरुषाने तेवढंच विश्लेषण केलं असतं, तर टाळ्या वाजल्या असत्या का? बाई अभ्यास करून आली याचं इतकं आश्चर्य वाटावं, त्यातच सगळं आलं. सभेत आपण आकडेवारीनिशी बोललो की ‘वा ताई, चांगला अभ्यास केलाय’ म्हणणारे अधिकारी आपल्याला भेटतातच की! शिवी झोंबते आणि कळते. हे कौतुक उशिरा कळतं.

त्याच वर्षी स्काय स्पोर्ट्स वाहिनीनेही तिला तज्ज्ञ म्हणून घेतलं. २०२१ मध्ये ती बीबीसीच्या ‘फुटबॉल फोकस’ या कार्यक्रमाची सूत्रधार झाली. हा कार्यक्रम १९७४ साली सुरू झाला होता. कायमची सूत्रधार म्हणून बाई यायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

बाई माईकवर आल्यावर जे व्हायचं ते सगळं झालं. पहिला आरोप म्हणजे हिला गुणांवर घेतलेलं नाही. बाई हवी आणि सावळ्या रंगाची हवी, असे दोन रकाने भरायचे होते, म्हणून घेतली. ॲलेक्सचे वडील जमैकन वंशाचे. १४० सामने आणि विद्यापीठाची पदवी असलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. राखीव जागेवरून शिकून आलेल्या आपल्या मैत्रिणींना हे वाक्य पाठ आहे. आधी शंभर वर्षं सगळ्या जागा एकाच गटाने भरल्या, तेव्हा त्याला कुणी रकाना म्हटलं नाही. दुसरं कुणी आत आलं की गुणवत्तेची आठवण होते.

दुसरा हल्ला समाजमाध्यमांवरून झाला. घाणेरड्या शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. तिने नंतर उघडपणे सांगितलं की या काळात तिने दारूचा आसरा घेतला होता, आणि मग समुपदेशकाकडे जाऊन मदत घेतली. बाहेर पडद्यावर हसरा चेहरा, आत हे. आपल्यातही ‘मी खंबीर आहे’ म्हणत रात्र रात्र जागणाऱ्या कार्यकर्त्या आहेत. मदत घेण्यात कमीपणा नाही, हे आपण केंद्रात आलेल्या बाईला सांगतो. एकमेकींनाही सांगायला हवं.

तिसरा हल्ला भाषेवरून झाला. जुलै २०२१ मध्ये ती टोकियो ऑलिंपिकचं प्रसारण करत होती. एके काळी व्यापार खात्याचे राज्यमंत्री असलेले लॉर्ड डिग्बी जोन्स यांनी जाहीर तक्रार केली की या बाई शब्दाच्या शेवटचा ‘ग’ उच्चारत नाहीत आणि त्यामुळे प्रसारणाचा विचका होतो. म्हणजे ‘स्विमिंग’ न म्हणता ‘स्विमिन’ म्हणतात. पूर्व लंडनची कामकरी माणसं असंच बोलतात. ॲलेक्सने उत्तर दिलं, त्याचा मतितार्थ असा: मी पूर्व लंडनमधल्या पॉप्लरच्या कामगार कुटुंबातली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. तिने तरुण मुलांनाही सांगितलं की तुम्ही कुठल्या वर्गातले आहात, कसे बोलता, यावरून कुणाला तुमची पायरी ठरवू देऊ नका.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आपल्याला ‘पाणी’ आणि ‘पानी’ आठवणार नाही का? ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून वर्गात हसू झालेल्या, मग कायमच्या गप्प बसलेल्या किती मुली आपल्या गटांत आहेत! शुद्ध म्हणजे कुणाची भाषा? ठरावीक जातींच्या, ठरावीक पेठांच्या घरांत बोलली गेली ती शुद्ध, आणि शेतावर, गिरणीत, पाड्यावर बोलली गेली ती अशुद्ध. बाईला आवाज मिळाला पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा कुठल्या बाईला, हेही विचारलं पाहिजे. शहरातल्या सुशिक्षित घरातली गोड बोलणारी मुलगी निवेदिका म्हणून सगळ्यांना चालते. पण मैदानावर घाम गाळलेली वस्तीतली मुलगी तिच्या बोलीत निवाडा करायला लागली, की कान टवकारतात. लॉर्डसाहेबांना तो ‘ग’ खुपला खरा, पण त्याच्या आडून कामगारवस्ती बोलत होती, ते जास्त खुपलं असावं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती जपून सांगायला हवी. २०२२ मध्ये तिचं आत्मकथन आलं. वडिलांच्या हातून आईला झालेली मारहाण आणि घरातली लहानपणची दहशत याबद्दल तिने त्यात लिहिलं. वडिलांनी हे आरोप नाकारले. दोन्ही गोष्टी मी तुमच्यापुढे ठेवते, निवाडा आपण करायचा नाही. पण कौटुंबिक हिंसेवर काम करणाऱ्या आपण बायका, एक गोष्ट आपल्याला इथे दिसते. तिच्या म्हणण्याप्रमाणे इमारतीखालचं ते जाळीतलं मैदान तिचा आसरा होतं. घरात भीती असेल तर चेंडूमागे धावण्याच्या त्या तासाभरात मुलगी मोकळा श्वास घेते. आपण खेळाला ‘मनोरंजन’ या सदरात टाकतो आणि निधी कमी पडला की पहिली काट त्यावर मारतो. तसं करू नका. आणि हेही बघा, की ज्या मुलीने लहानपणी गप्प राहायचं शिकून घेतलं होतं, तिने पुढे बोलणं हाच आपला व्यवसाय केला. घरातलं बोलायला मात्र तिला सदतीस-अडतीस वर्षांचं व्हावं लागलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माईक मिळाल्यावर तिने केलं काय? गोड गोड बोलून पगार घेतला, एवढंच का?

२०२२ च्या उन्हाळ्यात बायकांची युरोपीय स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली. २६ जुलैला उपांत्य सामन्यात इंग्लंडने स्वीडनला ४-० असं हरवलं. सगळीकडे जल्लोष चालू होता. स्टुडिओत कुणीही ‘काय सुंदर खेळल्या मुली’ म्हणून मोकळं झालं असतं. ॲलेक्सने थेट प्रसारणात हिशेब मांडला. २०१८ मध्ये या स्पर्धेसाठी तुमची मैदानं द्या म्हणून आम्ही विनवण्या करत होतो, आणि कितीतरी जणांनी नकार दिला. त्यांनी आज आरशात बघावं. यापुढे मी प्रायोजकांसमोर उभी राहून पदर पसरणार नाही, ज्यांची गाडी चुकली त्यांची चुकली. असा तिच्या बोलण्याचा आशय होता. पाच दिवसांनी, ३१ जुलैला, वेम्बलीच्या अंतिम सामन्याला ८७,१९२ प्रेक्षक होते. इंग्लंडने जर्मनीला २-१ असं हरवलं. पुरुष असोत की बायका, युरोपीय स्पर्धेच्या कुठल्याही सामन्याला तोवर एवढी गर्दी झाली नव्हती.

तिच्या जागी कुणी भला पुरुष समालोचक असता, तरी खेळाचं वर्णन त्याने चांगलंच केलं असतं. पण कुणाकुणापुढे हात पसरावे लागले ते त्याला माहीत नसतं. त्याला ती मैदानं कधी नाकारली गेलेली नव्हती. बाई माईकवर हवी ती यासाठी. आनंदाच्या क्षणी जुना हिशेब आठवणारं कुणीतरी तिथे असावं लागतं.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला, कतारच्या विश्वचषकात इंग्लंड आणि इराण यांचा सामना होता. समलिंगी व्यक्तींसह सर्वांच्या समान हक्कांची खूण म्हणून काही युरोपीय संघांचे कर्णधार दंडावर पट्टी बांधणार होते. पट्टी बांधाल तर पिवळं कार्ड दाखवू, असा धाक फिफा या जागतिक संघटनेने घातला आणि कर्णधार मागे हटले. ॲलेक्स मैदानाच्या कडेला तीच पट्टी दंडाला बांधून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिला पिवळं कार्ड कोण दाखवणार?

तुमच्यातल्या काहींच्या मनात प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. एक बाई वर गेली म्हणून बाकीच्यांचं काय बदललं? मोठ्या वाहिन्या, जाहिरातदार, बाजार यांना एक चेहरा हवाच असतो. तो चेहरा दाखवून बाकीची व्यवस्था तशीच ठेवता येते. हे मला मान्य आहे. दूरचित्रवाणीवरची एक सूत्रधार म्हणजे काही मुक्ती नव्हे. पण मला त्यात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, ती एकटी वर जाऊन दार लावून बसली नाही. खेळत असतानाच तिने १६ ते १९ वर्षांच्या मुलींसाठी शिक्षण आणि फुटबॉल एकत्र शिकवणारी अकादमी सुरू केली होती. दुसरी, घरात दूरचित्रवाणी बघणाऱ्या लहान मुलीच्या आणि मुलाच्याही कानावर पडणारा आवाज बदलतो. खेळातलं बाईलाही कळतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या बायकांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. अंजुम चोप्रासारख्या माजी कर्णधार आपल्याकडे अनेक वर्षं समालोचन करताहेत, पुण्याची स्नेहल प्रधान भारताकडून खेळून पुढे पत्रकार आणि समालोचक झाली. पण हे क्रिकेटमध्ये, आणि वरच्या पातळीवर. आपलं काम जिथे आहे त्या गल्लीतल्या कबड्डीच्या मैदानावर बघा. मुलींचे सामने आता होतात. कार्यक्रमपत्रिकेवर ‘महिला गट’ छापलेला असतो. आणि माईक?

आमच्या वस्तीजवळ एका मंडळाच्या स्पर्धेत माईकवरचे गृहस्थ मुलांच्या सामन्यात चढाई, पकड, लोण यांचं वर्णन करत होते. मुलींचा सामना सुरू झाला आणि वर्णन बदललं. ‘वेणी सांभाळ गं’, ‘लाजू नको’, ‘सासरी पण अशीच पकड करशील का’. प्रेक्षकांत हशा. आमची एक मुलगी तिघींना बाद करून मध्यरेषेला परत आली, आणि तिच्या कानावर काय पडलं, तर सासर! मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलायला गेलो, तर म्हणाले, ‘ताई, गंमत चाललीय, मनावर घेऊ नका.’ आम्ही भांडत बसलो नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या महिनाभर आधी जाऊन सांगितलं की आमचे दोन संघ उतरतील, पण मुलींच्या सामन्यात माईक आमच्याकडे. होय-नाही करत मान्य झालं. गुडघा दुखावल्यामुळे खेळ सुटलेली एक मुलगी बसली. पहिली पाच मिनिटं तिचा आवाज थरथरत होता. मग म्हणाली, ‘कोपरा मोकळा ठेवलाय त्यांनी, आता बोनस जानार बघा.’ आणि खरंच बोनस गेला! मागच्या रांगेतल्या पोरांनी माना वर करून माईककडे पाहिलं. ती ‘जानार’ म्हणाली होती. कुणीही हसलं नाही.

म्हणून आजच्या चर्चेतून आपण काही ठोस घेऊन जाऊ या. किशोरी गटाच्या खेळात दर वेळी एका मुलीने समालोचन करायचं. माईक नसेल तर पाण्याचा तांब्या हातात धरा, चालेल! सुरुवातीला हसतील, मग बोलायला लागतील. भाषा त्यांची त्यांना बोलू द्या, दुरुस्त करू नका. ज्या मुलींचा खेळ दुखापतीमुळे, लग्नामुळे, नोकरीमुळे सुटला, त्यांना पंच, गुणलेखक, समालोचक म्हणून परत मैदानावर आणा. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन अंदाजपत्रकात लिहा, ‘सेवाभाव’ म्हणून फुकट राबवू नका. चांगलं खेळणाऱ्या मुलीला शाळा सोडू देऊ नका, गुडघा कधीही दगा देतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांशी बोलताना बक्षिसाच्या रकमेबरोबर माईकचीही अट घाला. आणि आपल्या मुलींवर समाजमाध्यमांत घाण टाकली गेली, तर ते तिचं एकटीचं दुखणं समजू नका. तक्रार द्यायला तिच्याबरोबर चौघी जा.

खेळताना मुलगी तिच्या शरीराची मालक होते, असं आपण आजवर म्हणत आलो. ते खरंच आहे. पण खेळ संपल्यावर संध्याकाळी पारावर, चहाच्या टपरीवर, वाहिनीवर त्या खेळाची जी गोष्ट सांगितली जाते, ती लोकांच्या लक्षात राहते. ती गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली तर तीनजणींना बाद करून आलेल्या मुलीची फक्त वेणी उरते. आता दुपारच्या सत्रात गट पाडायचे आहेत. प्रत्येक गटाने आपल्या भागातली एक स्पर्धा निवडावी आणि तिथे माईक कुणाच्या हातात असतो, तो आपल्या मुलीच्या हातात यायला कुणाकुणाशी बोलावं लागेल, ते नावानिशी लिहून आणावं. तिथून सुरुवात करू.